अस्थिपुनर्जनक पटले, औषधमोची

अस्थिपुनर्जनक पटले, औषधमोची : नष्ट झालेले हाड पुन्हा वाढावे म्हणून हाड व त्यावरील मऊ ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) यांच्यामध्ये बसविण्यात येणारे, हळूहळू औषध सोडणारे व कालांतराने शरीरातच विरून जाणारे पातळ पडदे. परिदंत रोगात (दातांभोवतीच्या आधार-ऊतकांच्या रोगात) व कृत्रिम दंतमूळ बसविण्यासाठी जबड्याचे हाड वाढविताना ते उपयोगी पडतात.

तत्त्व : परिदंत रोगात दाताभोवतीचे हाड झिजून पोकळी पडते. शस्त्रक्रियेने ती स्वच्छ केली, तरी हिरडीच्या उपकला कोशिका अस्थिजनक कोशिकांपेक्षा लवकर वाढून ती व्यापतात व हाडाला जागा उरत नाही. पटल या कोशिकांना अडविते. स्वीडनमधील स्टूरे नीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मानवी दातावरील अशा उपचाराचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रारंभीची पटले न विरणारी असल्याने ती काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागे.

द्रव्ये : विरणारी पटले कोलॅजेन या प्रथिनाची किंवा पॉलिलॅक्टिक अम्लासारख्या बहुवारिकांची करतात. पॉलिलॅक्टिक अम्लाचे शरीरातील पाण्याने विच्छेदन होऊन लॅक्टिक अम्ल व अखेरीस कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी बनते. लॅक्टिक अम्ल साखरेच्या किण्वनाने मिळते. म्हणजे सातारा व सांगली जिल्ह्यांतील उसाची साखरही त्याचा कच्चा माल होऊ शकते. मात्र वैद्यकीय वापरासाठी ते अतिशुद्ध असावे लागते.

औषधमोचन : पटल उघडे पडल्यास त्यावर जंतू वाढतात व उपचार फसतो. म्हणून त्यात डॉक्सिसायक्लीन, मेट्रोनिडॅझोल यांसारखी औषधे मिसळतात. हळदीतील कुर्क्युमीनही प्रयोगांत वापरले गेले आहे. हळदीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पृष्ठभागावरील औषध प्रथम वेगाने सुटते व आतील औषध पटल झिजेल तसे बाहेर येते. खरी अडचण कालमानाची आहे : पटल लवकर विरले, तर मऊ ऊतक आत शिरते, औषध लवकर संपले, तर नंतरच्या जंतुसंसर्गापासून संरक्षण उरत नाही. विच्छेदनातील अम्ल एकदम साचल्यास दाहही होतो. हाडाच्या वाढीस मात्र काही महिने लागतात. त्यामुळे नित्य उपचारांत साधी कोलॅजेन पटले अधिक प्रचलित असून औषधमोची पटले बहुतांशी प्रायोगिक अवस्थेत आहेत.

मर्यादा : कराड (जि. सातारा) व सांगली येथे दंतवैद्यक महाविद्यालये असून तेथे परिदंतशास्त्र शिकविले जाते. या भागात भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची सवय, विशेषतः ग्रामीण स्त्रियांत, आढळते. तंबाखूने हिरड्यांची हानी होते, तर धूम्रपान करणाऱ्यांत पटलोपचाराचे फळ कमी मिळते. पटल केवळ जागा राखते व काही काळ जंतूंना रोखते. हाड शरीरालाच घडवावे लागते. रोगाचे कारण कायम राहिल्यास नवे हाडही पुन्हा झिजू शकते. म्हणून दातांची स्वच्छता व तंबाखूचा त्याग हे या उपचाराचे आवश्यक अंग होय.