औंधची राज्यघटना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या इतिहासात मताधिकाराचा विषय निघाला की औंध संस्थानाच्या 21 जानेवारी 1939 च्या घटनेचा उल्लेख होतो. परंतु तिच्याविषयी अनेक समजुती अर्धवट माहितीवर उभ्या आहेत. त्यांपैकी सर्वांत रूढ समजूत अशी की, राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उदारपणाने प्रजेला राज्य दान केले. राजांनी नोव्हेंबर 1938 मध्ये सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा निर्णय जाहीर केला आणि तो पाळला, हे निर्विवाद आहे. मात्र त्याआधीची काही वर्षे दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांत प्रजापरिषदा जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे लोकप्रतिनिधींना उत्तरदायी असलेले शासन, मागत होत्या आणि अखिल भारतीय पातळीवर संस्थानी प्रजेची परिषद 1927 पासून हाच आग्रह धरून होती. मागणी प्रजेची होती, लेखणी राजवाड्याची होती. यांपैकी एकच बाजू सांगणे प्रजेवरही अन्यायकारक ठरते आणि राजांवरही.

घटना गांधीजींनी लिहिली, हाही असाच एक समज आहे. मसुद्यामागे राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमध्ये जन्मलेले, भारतात भारतानंद या नावाने परिचित झालेले अभियंते यांचे श्रम होते. गांधीजींनी सल्ला दिला आणि काही अटी सुचवल्या. त्यांतील एक अट आजच्या वाचकाला खटकणारी आहे, कारण मतदार साक्षर असावा असा त्यांचा आग्रह होता आणि तो स्वीकारला गेला. म्हणूनच औंधमध्ये आजच्या अर्थाने सार्वत्रिक प्रौढ मताधिकार, म्हणजे वयाखेरीज कोणतीही पात्रता न मागणारा मताधिकार, मिळाला असे म्हणणे चुकीचे आहे. तरीही शेजारच्या ब्रिटिश सातारा जिल्ह्यात 1935 च्या भारत सरकार कायद्यानुसार मत प्रामुख्याने मालमत्ता, शेतसारा, कर किंवा शिक्षण यांवर अवलंबून असताना, औंधची कसोटी जमीनजुमल्यापासून दूर गेली होती. अक्षरे शिकणे भूमिहीनालाही शक्य होते, जमीन मिळवणे मात्र नव्हते. हा फरक लहान मानता येत नाही.

मताचे स्वरूपही बहुधा चुकीचे समजले जाते. मतदार थेट विधिमंडळाचे सदस्य निवडत नव्हता. तो आपल्या गावची पंचायत निवडे, पंचायतींमधून तालुक्याची संस्था आणि तिच्यामार्फत विधिमंडळ, अशी अप्रत्यक्ष रचना होती. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ अशा चार तालुक्यांत विखुरलेल्या 72 गावांच्या या संस्थानात सत्तेचा पाया गावात ठेवणे व्यवहार्य होते, आणि गांधीजींच्या ग्रामस्वराज्याच्या कल्पनेशीही ते जुळणारे होते. आज औंध खटाव तालुक्यात, आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ कर्नाटकात आहे. त्यामुळे हा प्रयोग केवळ साताऱ्याचा मानणेही बरोबर नाही.

काही वेळा औंधची घटना आणि 1943 मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले प्रतिसरकार यांची गल्लत केली जाते. कुंडल परिसर दोहोंशी निगडित असल्याने ती समजण्याजोगी आहे. पण प्रतिसरकार हे ब्रिटिश सत्तेविरुद्धचे भूमिगत बंड होते, तर औंधची घटना राज्यकर्त्याच्या संमतीने अमलात आलेला कायदा होता.

अखेरचा गैरसमज आजचा आहे. अमेरिकेतील काही राज्यांत नागरिक ठरावीक संख्येने सह्या गोळा करून राज्यघटनेत मताधिकाराची दुरुस्ती थेट मतदानाला ठेवू शकतात. तसा मार्ग महाराष्ट्रातही असावा, असे काहींना वाटते. महाराष्ट्राला वेगळी राज्यघटना नाही. लोकसभा आणि विधानसभेसाठीचा प्रौढ मताधिकार भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 326 मध्ये आहे, आणि त्यातील बदल अनुच्छेद 368 नुसार संसदेमार्फतच होतो; मतदानाचे वय 21 वरून 18 वर आणणारी 61 वी दुरुस्ती त्याच मार्गाने 1989 मध्ये लागू झाली. औंधची स्वतंत्र घटना 8 मार्च 1948 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर संपुष्टात आली, आणि तेथील ज्या निरक्षर प्रौढांना 1939 मध्ये मत नव्हते, त्यांना ते 1950 च्या संविधानाने मिळाले.