यूव्ही घेण्याआधी बादली घ्या

पाणी हिरवं झालं, माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले किंवा नवी टाकी दुधाळ दिसायला लागली, तर कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत हल्ली एक उत्तर हमखास मिळतं: ‘यूव्ही लावून टाका.’ एक काळी नळी, तिच्यात निळसर दिवा, पाणी आत-बाहेर जायला दोन तोंडं. उपकरण कामाचं आहे, यात वाद नाही. पण वरच्या तीन तक्रारींपैकी पहिलीवर ते रामबाण आहे, दुसरीवर अर्धंमुर्धं आणि तिसरीसाठी बहुतेकदा अनावश्यक. नव्या टाकीतला दुधाळपणा आठवडाभर हात न लावता थांबलं तर सहसा आपोआप जातो.

नळीतला दिवा पाऱ्याच्या वाफेचा असतो आणि त्याचा मुख्य किरण साधारण २५४ नॅनोमीटरचा. हा किरण सूक्ष्मजीवाच्या डीएनएतली जोडणी बिघडवतो; जीव लगेच मेला नाही तरी त्याची वाढ खुंटते. साधी काच हा किरण अडवते, म्हणून दिव्याभोवती क्वार्ट्झची नळी लागते. आपल्या स्वयंपाकघरातला यूव्ही प्युरिफायर याच तत्त्वावर चालतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. प्युरिफायरमधून पाणी एकदा जातं आणि थेट पेल्यात पडतं. टाकीत मात्र शुद्ध झालेलं पाणी पुन्हा त्याच अशुद्ध पाण्यात मिसळतं. अडीचशे लिटरच्या टाकीचं अडीचशे लिटर पाणी पंपाने फिरवलं, म्हणजे सगळं पाणी दिव्यासमोरून गेलं असं होत नाही. काही पाणी दोनदा-तीनदा जातं, आणि जवळपास ३७ टक्के पाणी एकदाही जात नाही. तेवढंच पाणी तीनदा फिरवलं तरी पाच टक्के उरतंच.

हिरव्या पाण्याला हा हिशेब पुरतो. हिरवा रंग देणारं शेवाळ एकपेशीय असतं, पाण्यात तरंगत राहतं, म्हणजे आज ना उद्या पंपाच्या तोंडी येतंच. योग्य मापाचं यूव्ही लावलं तर काही दिवसांत, फार तर आठवडा-दीड आठवड्यात, मागची भिंत दिसू लागते. मात्र मेलेलं शेवाळ पाण्यातच कुजतं. त्या दिवसांत थोडंथोडं पाणी बदलायचं आणि फिल्टरचा स्पंज धुवायचा. काचेवर, दगडांवर चिकटलेलं शेवाळ तसंच राहणार. लाकडाने पाण्याला आलेला चहाचा रंगही यूव्हीवर सोपवू नये. आणि टाकी खिडकीशी ठेवून माशांना भरपेट चारायची सवय सुटली नाही, तर दिवा बंद करताच पाणी पुन्हा हिरवं.

पांढऱ्या ठिपक्यांची गोष्ट गुंतागुंतीची आहे. ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेखाली दडलेला परजीवी. तिथे त्याला औषधही शिवत नाही, यूव्ही तर दूरच. पोट भरलं की तो सुटून तळाशी जातो, वाळूला चिकटतो आणि त्याची शेकडो पिल्लं होतात. ती पोहत नवा मासा शोधतात. दोनेक दिवसांत सापडला नाही तर मरतात. यूव्हीच्या तावडीत येतो तो एवढाच टप्पा, आणि त्यातही पिल्लाने पंपाकडे आधी यायला हवं, माशाकडे नंतर. छोट्या टाकीत मासा जवळच असतो. त्यामुळे यूव्हीने साथीचा जोर कमी होतो, पण ती मोडत नाही. माझं मत विचाराल तर टाकी एकच असेल आणि यूव्ही फक्त आजाराच्या भीतीने घ्यायचं असेल, तर आधी वीस-तीस लिटरचा एक टब, एक स्पंज फिल्टर आणि नवे मासे तीन-चार आठवडे वेगळे ठेवण्याचा संयम घ्यावा. यूव्हीचं खरं राज्य दुकानात. तिथे वीस टाक्यांचं पाणी एकाच संपमधून फिरतं, आणि एका टाकीतून आलेल्या परजीवीला दुसरीत जाण्याआधी नळी ओलांडावीच लागते.

तरी घ्यायचंच ठरलं, तर दुकानदार वॉट सांगेल: नऊ, अकरा, अठरा, छत्तीस. आकडा महत्त्वाचा, पण अर्धाच. डोस म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले पाणी दिव्यासमोर असण्याचा वेळ. पाण्याचा वेग दुप्पट केला की डोस निम्मा. ठिपक्यांच्या परजीवीला शेवाळाच्या कित्येक पट डोस लागतो, म्हणून चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात शेवाळासाठी आणि परजीवींसाठी प्रवाहाचे दोन वेगळे आकडे असतात. एकच आकडा असेल तर तो शेवाळाचा समजावा.

आता आपला पंप खरोखर किती पाणी देतो? खोक्यावरचा आकडा विसरा; तो पाणी वर न चढवता, मोकळ्या तोंडाने मोजलेला असतो. सगळे पाइप जोडून, फिल्टर भरून, परतीचं तोंड टाकीच्या उंचीवरच धरून दहा लिटरच्या बादलीत सोडा आणि घड्याळ लावा. नव्वद सेकंदांत बादली भरली तर प्रवाह तासाला ४०० लिटर. ‘हजार लिटर’ लिहिलेले पंप या परीक्षेत अनेकदा निम्म्यावर येतात. टाकीचंही माप घ्या: चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच म्हणजे नऊ घनफूट, घनफुटाला सुमारे २८.३ लिटर, म्हणजे काठोकाठ २५५. दगड-वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता दोनशे-सव्वादोनशे. एवढ्या टाकीतल्या हिरव्या पाण्याला नऊ-अकरा वॉट आणि तासाला ४०० लिटर सहसा पुरतात.

बाजारात रबरी चूषकाने काचेला चिकटवायचे उघडे यूव्ही दिवेही मिळतात. ते घेऊ नका. किरण माशांवर पडतात, पाइप आणि स्पंज ठिसूळ होतात, आणि टाकीजवळ वाकून बघणाऱ्या पोराच्या डोळ्यांना इजा होते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग काही तासांनी सुरू होते, तोवर कारण लक्षातही येत नाही.

बसवताना क्रम साधा: टाकी, फिल्टर, यूव्ही, मग परत टाकी. गढूळ पाण्यात किरण जात नाहीत, म्हणून फिल्टर आधी. नळी उभी असेल तर पाणी खालून आत आणि वरून बाहेर, म्हणजे हवा अडकत नाही. पाणी नसताना दिवा चालू ठेवू नये. वायर प्लगकडे जाताना खाली झोल देऊन मग वर न्यावी, ओघळलेलं पाणी तिथेच ठिबकतं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तो यूव्हीच्या आधी बसवा.

बोअरचं जड पाणी असलेल्या घरांत क्वार्ट्झवर पांढरा थर बसतो. दोन-तीन महिन्यांनी दिवा बंद करून, प्लग काढून, नळी व्हिनेगरने पुसायची. औषध टाकायचं असेल तेव्हाही यूव्ही बंद. मेथिलीन ब्ल्यूसारखी औषधं किरणांनी विघटित होतात. झाडांना देतो ते द्रव लोहखतही टिकत नाही. फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मात्र स्पंजला चिकटून राहतात, त्यांची काळजी नको.

दिवा साधारण आठ-नऊ हजार तास काम देतो, म्हणजे चोवीस तास चालवला तर वर्षभर. त्यानंतरही तो निळा दिसत राहतो, पण कामाचे किरण बरेच कमी झालेले असतात. बसवल्याची तारीख नळीवर मार्करने लिहून ठेवा. काढलेल्या दिव्यात पारा असतो. तो कचऱ्याच्या पिशवीत न टाकता, वर्तमानपत्रात गुंडाळून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.