भुईआवळीची परीक्षा

बिलोली तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: गावातले जाणते काविळीवर भुईआवळी ताकात वाटून देतात, माणसं बरी होतात, मग डॉक्टर तिला औषध का मानत नाहीत?

माणसं बरी होतात हे खरंच. दूषित पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. तेवढ्या दिवसांत जे पोटात गेलं, त्याला यश मिळतं. (गरोदर बाईच्या मात्र हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो, तिला थेट दवाखान्यातच न्यावं.)

पण भुईआवळीला एवढ्यावर निकालात काढता येत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू ओळखणारे, १९७६चे नोबेल मानकरी बारूक ब्लूमबर्ग या झुडपाच्या मागे लागले होते! मद्रासचे एस. पी. त्यागराजन आणि ब्लूमबर्ग यांचा निबंध १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. हिपॅटायटिस बीच्या ३७ वाहकांना महिनाभर भुईआवळीची पूड दिली. २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसती दिखाऊ पूड घेतलेल्या २३ जणांत असा एकच निघाला. जगभर खळबळ उडाली. मग इतरांनी प्रयोग करून पाहिले आणि तसं यश पुन्हा हाती लागलं नाही.

पहिला निकाल योगायोगाचा असेल. पण मला दुसरी शंका सोडत नाही: सगळ्यांनी एकच झाड वापरलं होतं का? पानांखाली मण्यांसारखी फळं लागणाऱ्या फायलँथस या भुईआवळीच्या वंशातल्या अमारस, युरिनारिया, डेबिलिस अशा कितीतरी जाती एकमेकींसारख्या दिसतात. त्या वेगळ्या ओळखणं हे वनस्पतिशास्त्रज्ञाचं काम, आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत. औरंगाबादच्या व्ही. एन. नाईक यांनी मराठवाड्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९९८ मध्ये सिद्ध केला. औषधांच्या बातम्यांत त्यांचं नाव कधी येत नाही, पण असा पाया नसेल तर पुढची तपासणी कशाची करायची?

२००२च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करायची आहे. तिथे ‘भुईआवळी – कावीळ’ एवढं लिहून काहीच जपलं जात नाही. जाणत्याने बांधावरून नेमकं कोणतं झाड उपटलं, मूळ घेतलं की पाला, किती दिवस दिलं, कोणाला द्यायचं टाळलं, हे त्याच्याच तोंडून उतरवून घ्यावं आणि सोबत त्याच झाडाचा वाळवलेला नमुना चिकटवावा. हे येत्या पावसाळ्यातच व्हायला हवं. सोयाबीनमधलं तणनाशक रुंद पानांच्या तणात भुईआवळी वेगळी काढत नाही.