पांढऱ्या पट्ट्याने टेम्पो थांबत नाही

पहाटे पाचच्या सुमारास वस्तीतून सायकली बाहेर पडतात. पेपर टाकणारी पोरं, दूधवाले, बांधकामावर निघालेले बिगारी. रात्रपाळीचे वॉचमन त्याच वेळी परत येत असतात. यांतला कोणी वजन उतरवायला सायकल मारत नाही. तरी जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, तो यांचा तीन-चार दिवसांतच होऊन जातो. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार लांब ठेवणारी ही फुकटची कमाई आहे. पण मागून आलेल्या एका टेम्पोच्या धक्क्यात ती संपते, आणि घरचा कमावता हातही जातो. म्हणून आरोग्याच्या पानावर आम्ही रस्त्याबद्दल लिहितो आहोत.

डांबरावर पांढरा पट्टा ओढला की सायकल ट्रॅक झाला, असे पालिकांना वाटते. त्या पट्ट्यावर तासाभरात रिक्षा उभ्या राहतात आणि सायकलवाला पुन्हा गाड्यांच्या मध्ये येतो. खरा ट्रॅक म्हणजे मधे उंच कडा किंवा खांब, गाडीला चढताच येणार नाही असा. सगळ्यांत जास्त जपायचे ते चौकात, कारण डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या चालकाला शेजारची सायकल दिसत नाही. आपल्याकडे नेमका चौक आला की ट्रॅक संपतो!

दिल्लीचे उदाहरण घ्या. २००८ साली आंबेडकर नगर ते मूलचंद अशा ५.८ किलोमीटर रस्त्यावर मधोमध बसची मार्गिका झाली आणि कडेला सायकलींसाठी वेगळी वाट. आंबेडकर नगरच्या आसपास दक्षिणपुरी, मदनगीर या पुनर्वसन वसाहती आहेत. तिथल्या कष्टकऱ्यांना पहिल्यांदाच रस्त्यात स्वतःचा हिस्सा मिळाला. मोटारवाल्यांची जागा आकसली, ओरड झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २०१२ मध्ये प्रकल्पाच्या बाजूने निकाल दिला. तरीही पुढे सरकारने तो मोडीत काढला आणि २०१६ मध्ये तोडकाम सुरू झाले. त्या प्रकल्पात चुका नव्हत्या असे आम्ही म्हणत नाही. चौकांतला सिग्नल फार वेळ खायचा. पण चूक दुरुस्त करता येते. ओरडणाऱ्यांचा आवाज मोठा होता, सायकलवाल्याचा कोणी ऐकलाच नाही.

पुणे तर एके काळी सायकलींचे शहर. २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. आज काही ट्रॅकवर पार्किंग आहे, कुठे मधेच विजेचा डबा उभा आहे. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६ नंतर थोड्याच वर्षांत एकमेकांना जोडलेले, कडा घातलेले ट्रॅक बांधले आणि सायकलस्वार कित्येक पटींनी वाढले. तुकड्या-तुकड्यांचा ट्रॅक कोणी वापरत नाही, आणि मग अधिकारी म्हणतात, बघा, कोणी येतच नाही.

आपल्या मुलींचेही बघा. शाळा दोन किलोमीटरवर, तरी आई सायकल देत नाही, कारण मधे हमरस्ता. आईचे चुकते असे कसे म्हणायचे?

पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात चालतो. इतर शहरांत नगरसेवक किंवा प्रभाग कार्यालयाकडे लेखी द्या. अर्जात रस्त्याचे नाव, वस्तीतून सकाळी किती सायकली जातात ती मोजणी, आणि ‘रंगाचा पट्टा नको, कडा हवी’ हे शब्द घाला. मोजणी एका सकाळी दोन पोरं वहीत करू शकतात. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायला विसरू नका.