घण पडण्याआधी विचारायचे प्रश्न



खाडीवर पूल होणार किंवा बंदरात नवी जेटी होणार, अशी बातमी येते आणि काही दिवसांनी किनाऱ्यावर एक उंच लोखंडी मशीन येऊन उभी राहते. मग धाड धाड आवाज सुरू होतो. मांडणीतली भांडी वाजतात, निजलेलं बाळ दचकतं. विचारलं तर उत्तर मिळतं, "पायलिंग चाललंय." आज या पायलिंगबद्दल बोलू या. कारण जमिनीत गेलेला खांब पुन्हा हलवता येत नाही. जे विचारायचं ते त्याच्या आधी विचारावं लागतं.

मुळात हे करतात कशासाठी? बकरी बांधायची असेल तर आपण खुंटा ठोकतो. वरची माती भुसभुशीत असली तर खुंटा उपटून येतो, म्हणून खालची घट्ट माती लागेपर्यंत ठोकत राहतो. खाडीच्या काठी वर सगळा गाळ असतो. त्यावर पुलाचा भार ठेवला तर तो खचेल. म्हणून लांब खांब गाळातून खाली नेऊन घट्ट थरावर किंवा कातळावर टेकवतात. या खांबाला पाईल म्हणतात.

पाईल खाली नेण्याच्या दोन रीती आहेत. पहिली ठोकण्याची. तयार काँक्रीटचा किंवा लोखंडी खांब उभा धरायचा आणि त्याच्या डोक्यावर वजनदार घण पाडायचा. साध्या मशीनमध्ये विंचने घण वर ओढतात आणि सोडून देतात. आपलं मुसळ जसं वर जातं आणि उखळात पडतं तसंच. डिझेल हॅमरमध्ये आत इंधनाचा स्फोट होऊन घण उसळतो, त्यामुळे आवाजाबरोबर धूरही होतो. हायड्रॉलिक हॅमरमध्ये तेलाच्या दाबाने घण उचलतात. त्यात धूर कमी असतो आणि घाव किती जोराचा द्यायचा ते ठरवता येतं. खांबाचं डोकं फुटू नये म्हणून मध्ये लाकडाची किंवा प्लॅस्टिकची जाड गादी ठेवतात. शेवटच्या दहा घावांत खांब किती मिलिमीटर खाली गेला, हे इंजिनिअर मोजतात. तो जवळजवळ हलेनासा झाला की खाली घट्ट थर लागला असं समजतात.

आणखी एका मशीनला व्हायब्रो हॅमर म्हणतात. तो घाव घालत नाही, खांब जोरात थरथरवतो. तांदळाचा डबा हलवला की दाणे खाली बसतात आणि डब्यात जागा होते, हे आपण रोज बघतो. तशीच भोवतालची वाळू सैल होते आणि लोखंडी नळी आत सरकते. पण याच कारणाने जवळच्या वाळूवर बांधलेल्या घराखालची वाळूही दबू शकते. म्हणून आवाज कमी आहे म्हणजे धोका नाही, असं समजू नका.

दुसरी रीत खोदण्याची. आपल्या किनाऱ्यावर गाळाखाली बऱ्याच ठिकाणी कातळ लागतो, आणि कातळात तयार खांब ठोकून जात नाही. तिथे आधी लोखंडी नळी उतरवतात, आतला गाळ काढतात, कातळात भोक पाडतात, सळ्यांचा पिंजरा सोडतात आणि काँक्रीट भरतात. भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून बेंटोनाइट नावाच्या मातीचं दाट पाणी भरलेलं असतं. काँक्रीट लांब नळीने तळापासून भरतात; ते जड असल्याने हे पाणी वर ढकललं जातं. वर आलेलं गढूळ पाणी टाकीत साठवायला हवं. ते खाडीत सोडलं तर चिखलाचा थर तळावर बसतो आणि कालवं, तिसऱ्या गुदमरतात. भाटीत तिसऱ्या वेचणाऱ्या बायांच्या हे आधी लक्षात येईल.

ठोकण्याचा आवाज पाण्यातही जातो, आणि हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. जवळच्या माशांना त्याने इजा होते, दूरचे पळतात. जर्मनीच्या समुद्रात पवनचक्क्यांचे खांब ठोकताना ७५० मीटरवर पाण्यातला आवाज ठरावीक मर्यादेत ठेवावा लागतो. त्यासाठी खांबाभोवती भोकं पाडलेला पाईप तळावर टाकून हवा सोडतात आणि बुडबुड्यांचा पडदा तयार करतात. सुरुवातीचे घाव हळू घालायचे, म्हणजे जलचरांना दूर जायला वेळ मिळतो, हीही तिथली रीत आहे.

आता आपल्याकडचं उदाहरण. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर पुलाखाली लहान पाईलच्या गटाऐवजी अडीच ते साडेतीन मीटर व्यासाचा एकच जाड पाईल वापरला. त्यामुळे समुद्रतळाची कमी जागा व्यापली. पण वरळी कोळीवाड्याचा प्रश्न वेगळा होता. पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं आणि लाटेत होड्या त्यातून सुखरूप जाणार नाहीत, असं कोळी सांगत होते. त्यांनी होड्या समुद्रात नेऊन विरोध केला. शेवटी मधला एक खांब रद्द झाला आणि अंतर १२० मीटर झालं. तो खांब उभा राहिला असता, तर हे सोपं नव्हतं.

म्हणून आपल्या गावात मशीन येण्याआधी कामाच्या फलकावरचं खातं आणि ठेकेदार बघून ठेवा आणि ग्रामसभेत विचारा: पाईल ठोकणार की खोदणार? होड्यांच्या वाटेत खांब किती अंतरावर येतील? बेंटोनाइटचं पाणी कुठे जाईल? मासळीच्या विणीच्या दिवसांत काम थांबेल का? घरांजवळ कंपन मोजणार का? आणि हे सगळं लेखी मागा.

घरापुरतं एक काम आजच करता येईल. भिंतींना आधीच असलेल्या भेगांचे फोटो काढा. भेगेच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटवा. ती तडकली तर भेग वाढते आहे. काम सुरू झाल्यावर "ही भेग जुनीच आहे" असं कुणी म्हटलं, तर हातात पुरावा असेल.

रात्रीचंही लक्षात ठेवा. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत. तक्रार पोलीस ठाण्यात देता येते. आणि मशीन बंद असली तरी उचललेल्या घणाखाली, क्रेनच्या टप्प्यात मुलांना खेळू देऊ नका.

जेटी आपल्यालाही हवी आहे, मासळी उतरवायला सोय होते. ती कुठे आणि कशी उभी राहते, हे आपल्याला माहीत असायला हवं, एवढंच.