लावणीचा थकवा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा नकाशा समोर घेतला, तर पश्चिमेला सह्याद्रीची धार आणि पूर्वेला नारायणगाव-मंचरचा बागायती पट्टा दिसतो. पश्चिमेच्या खोऱ्यांत, आहुप्यापासून घाटघरपर्यंत, पावसाने जोर धरला की भाताची लावणी सुरू होते. घरातला माणूस न् माणूस खाचरात उतरतो. सुटीच्या दिवशी, आणि पुष्कळदा शाळेच्या दिवशीही, आठवी-नववीतली मुलेमुली त्यांत असतात. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांच्यापैकी कुणाची मान डुलू लागली, की 'आळशी' हा शब्द पटकन पुढे येतो. तो वापरण्यापूर्वी थकव्याचे शास्त्र थोडे पाहू या. थकवा एकाच जातीचा नसतो, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

रोप लावणाऱ्याकडे नीट लक्ष द्या. हात भराभर चालत असतात. कंबर मात्र तासन् तास एकाच कोनात वाकलेली असते. तरी रात्री ठणकते ती कंबरच! असे का व्हावे? स्नायू आवळतो आणि सैल होतो, तेव्हा त्यातील रक्तवाहिन्याही दाबल्या जातात व मोकळ्या होतात. जणू पंपच चालू राहतो. स्नायू आवळलेलाच राहिला, तर त्याच्यात रक्त पुरेसे खेळत नाही. प्राणवायू कमी पडतो आणि टाकाऊ पदार्थ साचतात. याचा पडताळा वर्गातही घेता येईल. एक जाड पुस्तक हात लांब करून तसेच धरून ठेवा. नंतर थोड्या विश्रांतीने तेच पुस्तक सावकाश वर-खाली करा. कोणत्या वेळी हात आधी भरून आला ते पाहा.

अशा थकव्याला घरी करण्याजोगे उपाय साधे आहेत. कामात असताना मधूनमधून कंबर सरळ करून चार पावले चालावे. घरी आल्यावर पाठीवर निजून पोटऱ्या एखाद्या पेटीवर किंवा घडी केलेल्या घोंगडीवर टेकवाव्यात, म्हणजे कमरेचा ताण उतरतो. सोसवेल इतक्या कोमट पाण्याने शेकावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग अधिकच दुखते, त्याचे खापर पूर्वी लॅक्टिक आम्लावर फोडीत. ते आम्ल तर तास-दोन तासांत रक्तातून निघून जाते. नंतरचे दुखणे असते ते सवय नसलेल्या कामाने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचे. त्या चार-पाच दिवसांत आपोआप भरून येतात. तोवर दिवसभर अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा हलके चालणे-फिरणे बरे. याच खोऱ्यांत पडकईची जुनी रीत आहे. डोंगरउतारावर दगडी बांध घालून भातखाचरे तयार करण्यासाठी शेजारपाजारची घरे आळीपाळीने एकमेकांकडे राबतात. पहार धरणारे हात दहा असले, की एकाला बांधावर टेकायला सवड मिळते.

पण थकवा केवळ स्नायूंत असतो काय? इटलीतील तुरीन येथे आंजेलो मोस्सो नावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. त्यांनी एक यंत्र बनवले. मधल्या बोटाने दोरीला टांगलेले वजन पुनःपुन्हा उचलायचे, आणि प्रत्येक उचल फिरत्या कागदावर रेघेने उमटायची. दिवसभर विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन आलेल्या एका सहकाऱ्याला त्यांनी वजन उचलायला लावले. बोटाने दिवसभर काहीच कष्ट केलेले नव्हते, तरी ते एरवीपेक्षा लवकर दमले. १८९१ मध्ये मोस्सोंनी थकव्यावर पुस्तक लिहिले, त्यात हे निष्कर्ष आहेत. मेंदू दमला की हातही दमतो. (परीक्षेचा शीण परीक्षकालाही होतो, हे वाचून विद्यार्थ्यांना थोडे समाधान वाटेल!)

मेंदूच्या थकव्यावर झोपेइतका गुणकारी उपाय नाही. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते व झोप येऊ लागते. झोपेत ते कमी होते. चहातील कॅफीन ॲडेनोसीनच्या जागा अडवून बसते. म्हणजे घंटा वाजत असते, आपण फक्त कान झाकून घेतो. चौदा ते सतरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. ती मिळणे सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे. पूर्वेकडील बागायतीत शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली, की पाणी धरायला रात्रीच निघावे लागते. उसात बिबट्या असण्याची धास्ती, म्हणून कुणीतरी सोबतीला जाते, आणि ते कुणीतरी बऱ्याचदा शाळकरी असते. अशा वेळी दुपारी वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घ्यावी. त्याहून लांबली तर उठताना डोके जड होते आणि रात्रीची झोप बिघडते.

आजी तळव्यांना तूप लावून काशाची वाटी घासते, ते याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. वाटी काळी पडते, ती अंगातली उष्णता बाहेर पडल्यामुळे, असे म्हणतात. तसे नाही. तूप चोपडलेल्या जाड सुती कापडावर तीच वाटी घासून पाहा. कापडही काळपट होईल. तो काळेपणा धातूचा असतो. मात्र आजीचा उपाय टाकाऊ ठरत नाही! १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांना आढळले, की पाय उबदार असले तर झोप लवकर लागते. हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या गाभ्यातील उष्णता तिथून निघून जाते, आणि गाभा किंचित थंड झाला की झोप येते. दिवसभर चिखलात गारठलेले पाय कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून चोळले, तरी तेच काम होते.

आता पाण्याकडे वळू. पावसात भिजणाऱ्याला पाणी कमी पडेल, हे खरे वाटत नाही. पण प्लॅस्टिकच्या कागदाखाली किंवा इरल्याखाली राबणाऱ्याला घाम येतच असतो. हवा दमट असल्याने तो सुकत नाही, आणि गारव्यामुळे तहान जाणवत नाही. चाळीस किलो वजनाच्या मुलाच्या शरीरातून ८०० ग्रॅम पाणी गेले, तर तेवढ्यानेही काम करण्याची ताकद उतरते, डोके दुखते. लघवी गडद पिवळी होणे ही सहज कळणारी खूण.

नुसते पाणी पिण्यापेक्षा भाताच्या मुलखातली मीठ घातलेली पेज अशा वेळी सरस ठरते. आतड्यातील पेशींच्या भिंतीत एक दुहेरी दार असते. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले, की ते उघडते, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढले जाते. पेजेतील पिष्टाचे पोटात ग्लुकोज होते, मीठ सोडियम पुरवते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धकाळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजण्याचा निर्णय घेतला. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्या खाली आले. दारच्या भातात हेच तत्त्व होते. पेज नसेल तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ जास्त होऊ देऊ नये.

झोप झाली, पाणी झाले, दोन दिवस विसावाही मिळाला, तरी थकवा हटत नसेल तर? जिना चढताना धाप लागते, पापणीच्या आतली बाजू फिकी दिसते, वाचलेले डोक्यात शिरत नाही. अशा मुलीला विश्रांती सांगून भागत नाही. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असण्याचा संभव आहे. ते दर १०० मिलिलिटर रक्तात निदान १२ ग्रॅम असावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे वर्गातल्या 'आळशी' मुलींपैकी कितीतरी जणींचे रक्त तपासायला हवे! प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच असते. ती बाकाखाली टाकून देण्यासाठी नव्हे.

लावणीच्या दिवसांत ताप भरला आणि पोटऱ्या विलक्षण दुखू लागल्या, तर तो श्रमाचा थकवा समजून तेल चोळीत बसू नये. चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस असाच सुरू होतो, आणि त्यावर वेळेवर औषध मिळावे लागते. फार तहान लागून वजन उतरणे, छातीत दुखणे, किंवा दोन आठवडे टिकलेला थकवा यांतही डॉक्टरांनाच दाखवावे.

लोहाविषयी एक प्रयोग प्रयोगशाळेत करण्याजोगा आहे. आंबेगाव-जुन्नरच्या रानातून गोळा होणारा हिरडा कातडी कमावण्यास वापरतात तो त्यातील टॅनिनमुळे. हिरडा आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, यांपासून पूर्वी काळी शाई करीत. हिरड्यातल्या टॅनिनचीच भावंडे चहात असतात. परीक्षानळीत कोरा चहा घ्या व त्यात फेरस सल्फेटच्या द्रावणाचे काही थेंब टाका. चहा पाहता पाहता शाईसारखा काळसर होतो. (तो पिऊ नये, हे सांगायला नको.) लोह चहातील द्रव्यांशी बांधले गेले, पोटात असे झाले, की त्यातले बरेचसे रक्तापर्यंत पोहोचत नाही. म्हणून गोळी किंवा पालेभाजी-भाकरीचे जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे, आणि पानात लिंबाची फोड किंवा आवळा असावा. दुसऱ्या परीक्षानळीत चहाऐवजी लिंबाचा रस घेऊन तेच थेंब टाका, आणि दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धरून पाहा.