वार चुकला, तो कोणाचा?

पडद्यावर एक राक्षस उभा आहे. त्याने आपले हत्यार तुमच्या डाव्या बाजूला आडवे धरले आहे. उजवी बाजू उघडी! तुम्ही हातातील दांडी उजवीकडून सपकन फिरवता आणि पडद्यावरचा वीर नेमका डावीकडून वार करतो. हत्यारावर हत्यार आपटते. "मी उजवीकडूनच मारले होते," असे तुम्ही म्हणता. शेजारचा मित्र हसतो. खरे कोणाचे?

हा प्रसंग जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा : स्कायवर्ड स्वोर्ड' या खेळातला. नोव्हेंबर २०११ मध्ये तो 'वी' नावाच्या यंत्रासाठी निघाला. यातील तलवार हातातील दांडी वळेल तशी वळते. आडवा वार आडवा, तिरपा वार तिरपा. तेव्हा प्रश्न असा, की दांडीला स्वतःचे वळणे कळते तरी कसे?

'वी' २००६ साली बाजारात आले, तेव्हा दांडीत एक त्वरणमापक होता. सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. दांडी हलली की तो मागे राहतो आणि शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते. हा बदल विजेच्या साहाय्याने मोजतात. पण येथे एक अडचण आहे. ती समजण्यासाठी एक प्रयोग करा. दोऱ्याला खोडरबर बांधून बसमध्ये लोंबकळत धरा. बसने वेग घेतला की रबर मागे झुकेल. बस घाट चढू लागली तरीही तो मागेच झुकेल. खिडकीबाहेर न पाहता, नुसत्या दोऱ्यावरून यांतले काय घडले ते सांगून पाहा बरे! त्वरणमापकाची गत अशीच असते. त्याला गुरुत्वाकर्षण आणि हालचाल वेगळी करता येत नाही. त्यामुळे २००६ च्या झेल्डा खेळात दांडी कशीही झटकली तरी वीर आपला ठराविक वार करी. दिशेचा प्रश्नच नव्हता.

जून २००९ मध्ये 'मोशनप्लस' ही जोड-डबी आली. तिच्यात घूर्णमापक होते. जत्रेतील फिरत्या चक्रावर मध्यापासून कडेकडे सरळ चालू लागलात, तर कोणीतरी बाजूला ढकलत आहे असे वाटते. हाच कोरिऑलिस परिणाम. घूर्णमापकात एक सूक्ष्म तुकडा सतत कंप पावत असतो. दांडी वळली की त्याला असाच बाजूचा धक्का बसतो आणि त्या धक्क्यावरून वळण्याचा वेग कळतो.

वेग कळतो, दिशा नव्हे! दिशा काढायची तर प्रत्येक क्षणाचा वेग घेऊन बेरीज करीत जावे लागते. बेरीज आली की चूकही साठत जाते. समजा, दांडी स्थिर असतानाही मापक सेकंदाला अर्धा अंश वेग दाखवीत आहे. चूक किती क्षुल्लक! पण एका मिनिटात तुमची तलवार ३० अंशांनी सरकलेली असेल. म्हणून हा खेळ सुरुवातीला दांडी सपाट टेबलावर ठेवायला सांगतो. त्या वेळी वेग शून्यच असणार. मापक जे काही दाखवील ती निव्वळ चूक. ती टिपून पुढे वजा करीत राहायचे.

तरीही थोडी चूक उरतेच. खालीवर कललेली दांडी गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून सावरता येते. येथे आपला जुना त्वरणमापक उपयोगी पडतो. पण ओळंबा हातात धरून स्वतःभोवती गिरकी घ्या. ओळंबा जसाच्या तसा! डावी-उजवीकडची चूक गुरुत्वाकर्षणाला दिसतच नाही. ती सुधारण्यासाठी खेळाडूने दांडी पडद्याच्या मध्याकडे रोखून एक कळ दाबावी लागते.

तुमचा हात खोलीत नेमका कोठे आहे, हे मात्र या खेळाला मुळीच माहीत नसते. त्वरणावरून अंतर काढायचे तर दोनदा बेरीज करावी लागेल. गुरुत्वीय त्वरणाच्या केवळ शंभराव्या भागाइतकी चूक धरा. १० सेकंदांत हात सुमारे ५ मीटर दूर गेल्याचे उत्तर येईल, म्हणजे भिंतीपलीकडे! म्हणून खेळ फक्त दांडीचा रोख पाहतो आणि त्यावरून वीराचा हात कसा असेल याचा अंदाज बांधतो. खुर्चीत बसून नुसते मनगट वळवले तरी वार होतो, तो याचमुळे. मला ही युक्ती मोठी शहाणपणाची वाटते. जे नीट मोजता येत नाही त्याच्या वाटेला तिने जाणेच टाळले आहे.

आता तुमच्या भांडणाकडे येऊ. उजवीकडून वार करायचा तर दांडी आधी उजवीकडे न्यावी लागते. राक्षसाला पाहून तुम्ही ती घाईने नेलीत. हात मागे घेणे आणि वार करणे यांतला फरक तुमच्या मनात आहे, मापकाला दिसतो तो फक्त वेग. त्याने डावीकडून उजवीकडे जाणारी वेगवान हालचाल पाहिली आणि तोच वार समजला. खरा वार नंतर आला, तोवर हत्यारे भिडली होती. पुढच्या खेपेस दांडी सावकाश बाजूला न्या, क्षणभर थांबा आणि मग जोरात फिरवा. मात्र त्याआधी दांडीची दोरी मनगटात नीट अडकवा!